प्रेषिताला दिसलेला भाऊ

त्या रविवारी युगांडातल्या सोरोटी गावच्या फुटबॉल मैदानावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. प्रेषित गिदोन येणार म्हणून लोक सायकलींवरून, ट्रकांतून, पायी आले होते. कर्णे कोकलत होते. ज्यांचं व्यसन म्हणे सुटलं होतं, ते वारागी दारूच्या बाटल्या मातीत ओतत होते, आणि ती वाया जाताना बघून ज्यांचा जीव तुटत होता, तेही 'हालेलूया' ओरडण्यात मागे नव्हते.

"तिसऱ्या रांगेतले बाबा!" पांढऱ्या सुटातल्या प्रेषिताने डोळे मिटून बोट रोखलं. "तुमच्या गोठ्यात मला लाल गाय दिसतेय. चारा खात नाहीये!"

म्हातारा मटकन खालीच बसला. गाय लालच होती आणि चार दिवस उपाशी होती. लोकांच्या अंगावर काटा आला.

गर्दीच्या कडेला अडेके हात ओढणीखाली दाबून उभी होती. हात थरथरत होते. बाजाराच्या व्हरांड्यावर ती शिलाई मशीन चालवायची, पण हल्ली सकाळी दोन घोट पोटात गेल्याशिवाय सुईत दोरा जात नसे. आजोनच्या, म्हणजे नाचणीच्या बिअरच्या, माठाभोवती बाया लांब नळ्या घालून बसतात, हसतात, सासवांचे वाभाडे काढतात. अडेकेही पूर्वी बसायची. वारागीला सोबत लागत नाही. नवरा गेल्यावर ती दार लावून एकटीच प्यायला लागली, आणि हळूहळू बायांनी तिला हाक मारणं सोडलं. तिला फार एकटं वाटायचं.

पोट दुखतं म्हणून ती एकदा दवाखान्यात गेली होती. तिथल्या सिस्टर अमुलेनने तोंडाचा वास ओळखला. नुसतं भिंतीवरच्या व्यसनमुक्ती मदतक्रमांकाकडे बोट केलं. अडेकेने तो क्रमांक लावला, एकदा वाजवला आणि कापला. इथली रीतच तशी आहे. ज्याच्या फोनमध्ये पैसे नाहीत त्याने मिस्ड कॉल द्यायचा, ज्याला कळवळा असेल तो उलट फोन करतो. ती संध्याकाळभर फोन मांडीवर घेऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. कुणाचाही फोन आला नाही.

मग तिने रेडिओवर ऐकलेल्या प्रेषिताच्या प्रार्थनाक्रमांकाला मिस्ड कॉल दिला. भात उकळायच्या आत फोन वाजला! "बोल ताई, काय दुखतंय?" असं एका बाईने मायेने विचारलं, आणि अडेकेला रडूच फुटलं. कितीतरी दिवसांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं. तरी खरं सांगायला जीभ रेटेना. "माझा भाऊ पितो," ती म्हणाली. भावाचं नाव? समोर सायकल दुरुस्तीच्या दुकानाची पाटी होती. "ओमोडिंग," तिने ठोकून दिलं. बाटली पिठाच्या डब्यात लपवतो, दार हिरवं आहे, हे मात्र खरं सांगितलं. "रविवारी ये, कडेला उभी राहा, पिवळी ओढणी घेऊन ये," ती बाई म्हणाली.

"पिवळी ओढणी!" प्रेषित गरजला. "लेकी, आपण आधी कधी भेटलोय?"

"नाही, बाबा."

"लोकहो, ऐका! मला हिरवं दार दिसतंय. पिठाचा डबा दिसतोय, आणि डब्यात सैतानाची बाटली! तुझा भाऊ ओमोडिंग अंधारात पडलाय गं! आज हे प्रार्थनेचं तेल त्याच्या डोक्याला चोळ. उद्यापासून दारूचा थेंब देऊ नकोस. थरथरला, झटके आले, तर तो सैतान बाहेर निघतोय असं समज. दाराला कडी घाल, दवाखान्यात नेऊ नकोस!"

मैदान थरारलं. बाया रडत होत्या. कुणीतरी अडेकेच्या हातात माईक कोंबला. 'हो' म्हटलं असतं तर सगळ्यांनी तिला कवटाळलं असतं. तिला ते कवटाळणं हवं होतं. पण देवाला पिठाचा डबा दिसला आणि डब्यात हात घालणारी दिसली नाही, हे काही केल्या तिच्या मनाला पटेना.

"मला भाऊच नाही," ती म्हणाली.

"सख्खा नसेल! कुळातला, चुलत—"

"ओमोडिंग ही सायकलच्या दुकानाची पाटी आहे, बाबा. ते नाव मी तुमच्या फोनवरच्या बाईला सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं. पिते ती मी."

तिसऱ्या रांगेतला म्हातारा डोकं खाजवत पुटपुटला, "अरेच्चा, गाईचं मीही फोनवरच सांगितलं होतं!" त्याच्या आजूबाजूचे एकमेकांकडे बघायला लागले.

"तिच्या तोंडून सैतान बोलतोय!" प्रेषित ओरडला आणि त्याने गाणं मोठ्याने लावायला लावलं. माईक हिसकावला गेला. "दारुडी मेली!" कुणीतरी म्हणालं. लोकांनी वाट दिली, पण ती कीव करून नव्हे, अंगाला अंग लागू नये म्हणून. अडेके एकटीच मैदानाबाहेर पडली.

फाटकापाशी सिस्टर अमुलेन गर्दीतून धापा टाकत मागून आली. "अगं, तो क्रमांक लावला नव्हतास का?"

"दोनदा मिस्ड कॉल दिला. कुणी केला नाही उलटा."

सिस्टरने कपाळाला हात लावला. "वेडे, तो फुकट आहे! उचलेपर्यंत वाजू द्यायचा. आणि ऐक, एकदम सोडू नकोस. त्या झटक्यांनी माणूस मरतो. भरती व्हावं लागेल, औषध लागेल. उद्या मी येते तुझ्याबरोबर."

अडेकेने तिथेच फोन लावला. एकदा वाजला. अंगठा सवयीने पुढे गेला, तो तिने आवरला. बऱ्याच वेळाने एका पुरुषाने उचलला. त्याला तिचं नाव ठाऊक नव्हतं, दाराचा रंग ठाऊक नव्हता. तो एकेक विचारत गेला. रोज किती पिता? शेवटचं कधी प्यायलात? हात थरथरतात का? घरी सोबत कोण आहे?

"कुणी नाही," अडेके म्हणाली.

"बरं. मग फोन ठेवू नका, आपण बोलू," तो म्हणाला.

तुम्ही न सांगता तुमचं सगळं ओळखतो असं कुणी म्हणाला, तर आधी आठवा, आपण ते कुणाला सांगितलं होतं. आणि मदत हवी असेल तर विचारणाऱ्याकडे जा. ज्याला खरंच बरं करायचं असतं, त्याला विचारावंच लागतं.