राफाएल सुइटमधल्या बाळाची तीट

मी खोली बोलतेय. दारावर पितळी अक्षरांत ‘राफाएल सुइट’ लिहिलंय म्हणून बिचकू नका. नाव बाप्याचं असलं तरी मी आपली बाईमाणूसच. संभाजीनगरच्या एका छोट्या पण लई नखऱ्याच्या हॉटेलात, तिसऱ्या मजल्यावर असते मी.

राफाएल म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीचा इटलीतला चित्रकार. आई आणि लेकरू रंगवावं तर त्यानंच, असं आमच्या मालकीणबाई म्हणतात. म्हणून त्यांनी पलंगामागच्या माझ्या भिंतीवर त्याच्या धाटणीची आई काढून घेतली, मांडीवर गुटगुटीत बाळ. रंगवलं बजाजनगरच्या शिवमनं. दोन महिने अंगाला टर्पेंटाइनचा वास! पण भिंत काय उजळली म्हणता. तेव्हापासून मी जरा तोऱ्यातच असते.

पाहुणे येतात ते बुटांसकट पलंगावर. मग बाळाच्या गालाला गाल लावून फोटो. “किती गोड!” म्हणतात आणि जाताना साबण, शाम्पू, सपाता सगळं पिशवीत.

त्यांच्यामागून साफसफाईला येते पाचोडची कडूबाई. चादर अशी ताणते, की सुरकुतीची काय बिशाद! एकदा काम उरकून ती स्टुलावर चढली, कमरेची डबी काढली आणि माझ्या बाळाच्या गालावर काजळाची ठसठशीत तीट लावली. बोटाला उरलेलं काजळ स्वतःच्या केसांना पुसलं.

अगं बया! माझ्या भिंतीवर डाग? माझा नुसता तिळपापड झाला. ती मात्र रोज येऊन तीट ताजी करायची.

चौथ्या दिवशी मॅनेजर सोमनाथनं ते पाहिलं. “मावशी, हे काय केलंत? मालकीणबाईंनी बघितलं तर दोघांनाही घरी बसवतील!”

“साहेब, आमच्या लेकीला, प्रांजलीला सातव्यातच लेकरू झालं,” कडूबाई म्हणाली. “एवढुसं हाय. दवाखान्यात काचपेटीत ठेवलंय. तिथं काजळ लावू देत नाईत, अन् बरोबरच हाय त्यांचं. पर माझा जीव ऱ्हात नाय. माझ्या आधीची दोन भावंडं गेली, म्हून आईनं माझं नाव कडू ठेवलं. मी जगले. त्याला तर अजून नावबी नाय. म्हून तीट याला लावते. ते घरी आलं की माझ्या हातानं पुसते.”

सोमनाथनं स्टूल तिच्याकडं सरकवलं. मग म्हणाला, “मालकीणबाई आल्या तर मी बघतो.”

त्यानंतर मीच सकाळी दहाची वाट बघू लागले. कडूबाई भिंतीवरच्या आईला रोज खबर द्यायची. “आज दूध पचलं गं.” “आज अकराशे ग्रॅम भरलं.”

दीडेक महिन्यानं एक दिवस ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दुसरीच बाई चादर घालून गेली. विचारायचं तरी कुणाला?

तिसऱ्या दिवशी दार उघडलं. सोमनाथच्या मागोमाग कडूबाई आत आली. हातात पेढ्यांचा पुडा, डोळ्यांत पाणी. “साहेब, आलं हो घरी!” मग साबणाचं फडकं घेऊन तिनं दिल्या शब्दाप्रमाणे गाल पुसला. खूणसुद्धा राहिली नाही.

मला आनंद झाला, खरंच झाला. पण आता तो गाल उघडा वाटतो हो.

कधी माझ्याकडं उतरलात, तर साबण न्या, सपाता न्या, माझी तक्रार नाही. तेवढं काजळाचं बोट माझ्या बाळाला लावून जा. लई जण बघतात त्याच्याकडं.