आई आणि पिवळा झेंडा

बाबांना जाऊन सहा महिने झाले, तेव्हा आईला शहर दाखवायला मी फक्त आम्हा दोघींसाठी गाइड ठरवला. मनोऱ्याचा फोटो काढून वळले, तर आई नव्हती. तिला हॉटेलचं नावही सांगता आलं नसतं. हाका मारून माझा घसा सुकला.

"आधी ग्रुपबरोबर फिरल्यात का त्या?" गाइडने विचारलं.

"नेहमी. बाबांबरोबर."

"मग दुसऱ्या कुठल्या तरी गाइडच्या झेंड्यामागे गेल्या असतील."

पुलावर पिवळ्या झेंड्यामागे तीसेक परके लोक चालले होते. सगळ्यांत शेवटी आई. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं.

"एवढी घोडी झालीस, तरी मागे राहतेस?" ती रागावली. "चल लवकर, तुझे बाबा पुढे गेलेत."