स्कारसेवरचं पहिलं कुलूप

"कुणीतरी टपालपेटी परत पुढे आणून ठेवलीय," मर्डो स्टिअरिंगवर वाकून पुटपुटला. "उद्योग नाहीत लोकांना."

शेजारी मांडीवर अंड्यांची टोपली घेऊन बसलेल्या डोलिनाने मागे वळून पाहिलं. टपालपेटी तिच्या जन्माआधीपासून जिथे होती तिथेच होती. फक्त आता जरा कलून उभी होती, एखाद्या जाड्या माणसाला वाट करून द्यावी तशी.

"वारा असेल," ती म्हणाली.

स्कारसे बेटावर काहीही बिनसलं की वाऱ्यावर ढकलता येतं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला भर समुद्रात राहणाऱ्या माणसांना देवाने तेवढी एक सोय करून दिली आहे.

"अगंबाई, केनी ॲनच्या मेंढ्या बघ, डावीकडे अगदी रस्त्यातच बसल्यात," डोलिना लगेच म्हणाली. मर्डोने गाडी उजवीकडे घेतली. "आणि पुलाचा कठडा रंगवलेला दिसतोय. हा काय, उजव्या हाताला." मर्डोने गाडी सावरली.

गेली दोन वर्षं हे असंच चाललं होतं. वाटेतल्या मेंढ्यांचं आणि कठड्यांचं तिला एवढं कौतुक कधीपासून वाटायला लागलं, हे मर्डोने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. डोलिना स्वतः गाडी चालवायला कधी शिकली नव्हती. ज्या घरात मर्डो आहे, त्या घरात दुसऱ्या ड्रायव्हरची गरज काय?

मर्डो तिचा थोरला भाऊ, ऐंशीला टेकलेला. दोघांनीही लग्नाच्या भानगडीत न पडता आईबापांच्या मागे त्याच घरात संसार केला होता, भांडणासकट. मर्डो आयुष्यभर बेटावरच्या शाळेची बस चालवत आला. आज स्कारसेवर ज्या कुणाला दाढी किंवा नातवंडं आहेत, तो कधी ना कधी त्याच्या बसमध्ये ओकलेला होता. धुक्यात, बर्फात, एकदा तर बसच्या टपाचा पत्रा उडून गेलेला असताना, त्याने एका पोराला ओरखडा येऊ दिला नव्हता. अशा माणसाला 'आता गाडी चालवू नका' म्हणून कोण सांगणार?

म्हणून बेटाने आपल्या परीने तोड काढली होती. तांबड्या गाडीचा आवाज आला की बायका दोरीवरचे कपडे काढत, कोंबड्या आत घेत. पाळकसाहेब स्वतः येऊन चर्चच्या फाटकाची दोन्ही दारं उघडून ठेवत. एक दार पुरत नाही, हे एकदा कळलं होतं.

त्या सोमवारी मात्र वाऱ्यावर ढकलता येईना. नर्स कत्रिनाच्या मुलीची सायकल पेगीच्या दुकानाच्या भिंतीला टेकवून ठेवलेली होती. मर्डोने गाडी लावली ती त्या सायकलवरच. मुलगी आत टॉफी निवडत होती. तिला लिंबाची घ्यावी की पुदिन्याची हे लवकर ठरवता आलं नाही, म्हणून ती वाचली.

मर्डोने खाली उतरून पायाने चाचपलं. "रस्त्याच्या मधोमध सायकल कोण ठेवतं?"

भिंतीला पाठ लावून उभी असलेली पेगी म्हणाली, "खरंच. कोण ठेवतं!"

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मागच्या खोलीत चौघं चहाला बसली: पेगी, नर्स कत्रिना, पाळक मॅकफेल आणि डोलिना.

"तू बहीण आहेस. तू सांग," कत्रिना म्हणाली.

"तू नर्स आहेस. डोळ्यांचं तू सांग," डोलिना म्हणाली.

"मी तपासले की! भिंतीवरचा तक्ता घडाघडा म्हणून दाखवला त्यांनी. शेवटच्या ओळीपर्यंत."

"तो तक्ता तुझ्या आईच्या वेळचा आहे बाई. त्यांना पाठ आहे तो," पेगी म्हणाली, आणि तिघींनी माना पाळकांकडे वळवल्या. "नकोसं वाटेल ते सांगणं हे तुमचंच काम ना, पाळकसाहेब? दर रविवारी आम्हाला नरकाचं सांगता."

"नरकाचं वेगळं," पाळकांनी चहाबरोबरचा आणखी एक स्कोन-पाव उचलला. "मी सहा वर्षांचा होतो तेव्हा मर्डोकाकांनी मला मांडीवर बसवून घरी आणलं होतं. चड्डी ओली झाली होती माझी. त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नाही."

आता आपणच ते सांगून बसलो, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. तोवर पेगीने दुसरा विषय काढून त्यांची अब्रू वाचवली.

"गाडीच नसली तर?" ती म्हणाली.

यात तसं अवघड काही नव्हतं. स्कारसेवर गाडीची किल्ली गाडीतच राहते. कुणाची गाय अडलेली असते, कुणाची होडी सुटते, वाटेत कुणाची गाडी आडवी असली तर बाजूला घ्यायला नको? किल्ली काढून खिशात घालणं म्हणजे शेजाऱ्यांना तोंडावर चोर म्हणणं. तेव्हा इथे गाडी चोरायची तर नुसतं आत बसायचं.

"शनिवारी संध्याकाळी?" कत्रिनाने विचारलं.

"आणि काम लांबून रविवार लागला तर?" पाळक दचकले. "शब्बाथाच्या दिवशी चोरी मला चालायची नाही."

मग बुधवार ठरला. बुधवारी प्रार्थनासभा असते, मर्डो चुकवत नाही. पाळकांनी त्याला आत धरून ठेवायचं, कत्रिनाने गाडी पेगीच्या भावाच्या शेडमध्ये नेऊन लोकरीखाली गाडायची.

बुधवारची ती प्रार्थना स्कारसे अजून विसरलेलं नाही. पाळकांनी आधी आजाऱ्यांसाठी मागितलं, मग समुद्रावर असणाऱ्यांसाठी, मग गाईगुरांसाठी, त्यांतल्या काहींची नावं घेऊन. डोलिना मान खाली घालून बाहेर कान लावून बसली होती. इंजिन सुरू झालं, घरघरलं, बंद पडलं. कत्रिनाला रिव्हर्स गिअर सापडत नव्हता. पाळकांनी कॅनडात स्थायिक झालेल्या बेटकऱ्यांना हात घातला. परत घरघर. पाळक ऑस्ट्रेलियाला पोचले तेव्हा कुठे गाडी हलली.

सभा सुटल्यावर मर्डो बाहेर आला आणि नेहमीच्या जागी गाडीच्या दाराच्या मुठीला हात घालायला गेला. हात हवेतच राहिला.

इथेही वारा डोलिनाच्या उपयोगाचा नव्हता.

"चोरी," मर्डो म्हणाला. त्याचा आवाज चिडलेला असता तर तिने सोसलं असतं. तो दुखावलेला होता. "डोलिना, आपल्यातल्याच कुणी नेली असेल माझी गाडी?"

"छे रे! बाहेरचाच कुणीतरी असणार."

हे तिने सगळ्यांदेखत म्हटलं, त्यामुळे शुक्रवारच्या फेरीबोटीने तरणा कॉन्स्टेबल फ्रेझर आला तेव्हा सगळ्यांनाच बाहेरचा माणूस दिसलेला होता. पेगीला तो उंच आणि दाढीवाला दिसला. केनी ॲनला बुटका आणि टकला. पाळकांना खोटं बोलता येत नसे. ते म्हणाले, "मी डोळे मिटून होतो."

"किल्ली कुठे होती?" कॉन्स्टेबलने विचारलं.

"गाडीत," मर्डो म्हणाला.

"गाडीत?"

"मग काय घरात ठेवायची? घरात काय चालवायचंय?"

मधल्या दिवसांत फेरी सुटलेली नव्हती, तेव्हा चोर गाडी घेऊन पोहत गेला नसेल तर गाडी बेटावरच असणार, एवढं त्या पोराला कळलं. दुपारच्या आत ती सापडली. शेडमध्ये लोकरीच्या ढिगातून तांबडा कोपरा दिसत होता, आणि त्यावर एक कोंबडी बसलेली होती.

मर्डोला किती आनंद झाला! त्याने गाडीवरून हात फिरवला, मग वळला आणि खांबाला टांगलेल्या रेनकोटचा हात हातात घेऊन म्हणाला, "फार उपकार झाले, साहेब."

रेनकोटच्या शेजारी उभ्या असलेल्या कॉन्स्टेबलने खांबाकडे पाहिलं, गाडीच्या सगळ्या बाजूंच्या पोचांकडे पाहिलं, मग डोलिनाकडे. डोलिनाने समुद्राकडे पाहिलं. धक्क्यावर फेरीचा भोंगा वाजला.

"किल्ली काढत जा, काका," कॉन्स्टेबल घाईघाईने म्हणाला. "आणि स्टिअरिंगला कुलूप बसवा." आणि गेला.

झालं! कायदाही फेरी पकडून निघून गेला, डोलिना मनात म्हणाली.

कुलूप टपालाने आलं. पिवळं धमक, हातभर लांब दांडकं, त्याला आकड्यांच्या चार कड्या. स्कारसेवर कुलूप म्हणून कधी कुणी बघितलेलं नव्हतं, त्यामुळे निम्मं बेट बघायला लोटलं. केनी ॲन फणकारली, "म्हणजे आता आमच्यापासून कुलूप का?"

"तुमच्यापासून नाही गं, चोरांपासून. ह्याचा आकडा माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही." मर्डोने छाती पुढे काढली. "एक नऊ सात चार. ज्या वर्षी बस हातात घेतली ते." आणि मग हळूच, "डोलिना, चष्म्याला मीठ बसलंय माझ्या. तू लाव आकडा."

डोलिनाने आकडा बसवला, दांडकं स्टिअरिंगवर अडकवलं आणि कड्या फिरवून शून्यावर आणल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात जायला निघाले. मर्डो गाडीत बसला, कड्यांशी खटपट करत राहिला. शेवटी दांडकं तिच्याकडे वळवून म्हणाला, "तूच लाव आणि वाच बरं."

डोलिनाने एक लावला, नऊ लावला, सात लावला. चौथी कडी तिच्या बोटांत होती. दोन वर्षं ती या माणसाला रस्ता वाचून दाखवत होती, आता कुलूपही वाचून दाखवायचं होतं. तिने कडी पाचावर नेऊन ठेवली.

"एक नऊ सात चार," ती म्हणाली.

मर्डोने ओढलं. निघालं नाही. परत ओढलं.

"खाऱ्या हवेने धरलं असेल," डोलिना म्हणाली.

दोघं हातात हात घालून चालत दुकानात गेली. त्या रात्री दोन वर्षांत पहिल्यांदा डोलिनाला शांत झोप लागली. कुणाला काही सांगायला नको, कुणाचं मन मोडायला नको. हे आधी कसं सुचलं नाही!

मग मदतीला बेट धावून आलं. ज्या कुलपाचा आकडा बेटावर तान्ह्या पोराशिवाय सगळ्यांना ठाऊक होता, ते कुणालाच उघडेना. कत्रिनाने तेल सोडलं, आणि आकडा लावला तो तिसराच. पेगीच्या भावाने हातोडी आणली आणि चांगली दहा मिनिटं सीटवर मारली. पाळकांनी कड्या मोठ्या भक्तिभावाने वाटेल तशा फिरवल्या, डोळे मिटून ओढलं आणि म्हणाले, "निघत नाही." ते खरंच होतं.

मर्डो या सगळ्यांच्या शेजारी नुसता बसून असे. फार बोलत नसे. मान जरा कलती, कान पुढे. बसचं इंजिन कुरकुरायला लागलं की तो असाच बसायचा, हे डोलिनाला आठवायला हवं होतं.

शनिवारी सकाळी पेगीचा भाऊ करवत घेऊन आला. त्याच्यामागे पेगी, कत्रिना, पाळक आणि ज्यांना ज्यांना शनिवारी काम नव्हतं ते सगळे.

"थांबा," मर्डो म्हणाला. तो आधीच आत जाऊन बसला होता. "कापण्याआधी एकदा माझ्या बोटांना बघू दे."

प्रत्येक कडीवर शून्याशेजारी एक बारीक खाच होती. मर्डोने अंगठ्याच्या नखाने ती शोधली आणि तिथून कडी हळूहळू फिरवली. टक्. पुढची कडी. टक्, टक्, टक्... तो ओठांतल्या ओठांत मोजत होता. शेवटची कडी थांबली, आणि पिवळं दांडकं पिकल्या फळासारखं त्याच्या मांडीवर पडलं.

"उघडलं की, पाळकसाहेब," मर्डो म्हणाला.

"हो... देवाची कृपा," पाळक म्हणाले.

"कृपाच म्हणायची. हवा एकदम कोरडी झालेली दिसते." त्याने दांडकं मागच्या सीटवर टाकलं. कोटाच्या खिशातून किल्ली काढली, चाचपून लावली. इंजिन पहिल्या फटक्याला सुरू झालं.

खाली दुकानासमोर कत्रिनाची मुलगी नव्या सायकलवर गोल गोल फिरत होती. तिच्या घंटीचा आवाज वरपर्यंत येत होता.

मर्डोने पलीकडे वाकून डाव्या बाजूचं दार उघडलं. "चल, बस ना डोलिना. मेंढ्या कुठे बसल्यात ते मला कोण सांगणार?"

डोलिना जागच्या जागी उभी राहिली. म्हणजे मेंढ्या, कठडा, रंग, सगळं त्याला माहीत होतं. दोन वर्षं तोही तिला सांभाळून घेत होता.

तिने आजूबाजूला पाहिलं. पाळक आपले बूट न्याहाळत होते. कत्रिना आभाळाकडे बघत होती. पेगी भावाच्या करवतीचे दात मोजत असावी. वारा सुद्धा पडला होता. अगदी ऐन वेळी.

खाली परत घंटी वाजली.

डोलिनाने उघडं दार लावून घेतलं. गाडीला वळसा घालून ती मर्डोच्या बाजूला आली, खिडकीतून हात आत घातला आणि स्टिअरिंगवरच्या त्याच्या हातावर ठेवला.

"मर्डो," ती म्हणाली, "तुला दिसत नाही रे."