तपासणीचे मासे

दरवर्षी तपासणीच्या दिवशी सकाळी साडेआठच्या एसटीने बारा मासे उतरायचे, गेटवर सह्या करायचे आणि मगदूमांच्या कापड रंगवायच्या कारखान्यातल्या काचेच्या टाकीत जाऊन पोहायचे. टाकीत कारखान्याचंच शुद्ध केलेलं सांडपाणी असायचं. मासे जिवंत, म्हणजे पाणी स्वच्छ. संध्याकाळी सहाला पाहुणे गेले की मासे परतीची गाडी धरायचे आणि वासंती शुद्धीकरणाचा प्लँट बंद करायची, तो थेट पुढच्या तपासणीपर्यंत.

प्लँट सांभाळणं हीच वासंतीची नोकरी. त्यामुळे वर्षभर ती निवांत असायची आणि मनातून खजील. कारखान्याचं पाणी ज्या नाल्यात सुटायचं, त्याच्या खालच्या अंगाला तिचं माहेर होतं. कारखान्यात आज कुठला रंग चाललाय, हे आईच तिला फोनवर सांगायची.

यंदा एसटीतून एकच मासा उतरला, तोही चिठ्ठी द्यायला. ‘दर वेळी आम्हीच. यंदा तुमच्यातलं कुणीतरी उतरवा.’ चिठ्ठी देऊन तो त्याच गाडीनं परत गेला.

“नखरे बघा यांचे!” मगदूम म्हणाले. कापड घेणाऱ्या परदेशी कंपनीच्या बाई तपासणीसाठी गेटवर पोचल्या होत्या. टाकी रिकामी दिसली असती, तर वर्षाची ऑर्डर हातची गेली असती. मगदूमांनी वासंतीकडे पाहिलं.

“मी उतरले तर प्लँट कोण चालवणार, साहेब?”

मगदूमांनी बूट काढले, घड्याळ काढलं आणि ते टाकीत उतरले. उतरताच वीतभर झाले.

“झकास आहे की पाणी, वासंतीबाई!”

बाईंनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

“एकच?”

“एकच आहे, पण घरचा आहे,” वासंती म्हणाली.

बाईंनी ‘जिवंत’ असं लिहून घेतलं आणि सहाला त्या गेल्या. वर यायला मगदूमांनी हात पुढे केले, तर ते पर होते. इकडे सवयीनं वासंतीचा हात बटणावर गेला.

“अहो, बंद काय करताय! राहू दे चालू!”

“आजच्या दिवस?”

“रोज!”

वासंतीला इतका आनंद झाला की हात बटणावरून काढायचंच ती विसरली. तेवढ्यात फोन वाजला.

“अगं, आज कुठला रंग म्हणायचा ह्यो?” आई विचारत होती. “नाल्यातलं गोटं दिसाय लागल्यात. आन् उद्या कुठला येनार?”

वासंतीनं दुसऱ्या हातानं फोन काचेला लावला.

“तुम्हीच सांगा, साहेब.”

मगदूमांचं तोंड उघडलं, मिटलं, उघडलं.