सासऱ्यांच्या पोटावर शंभर दाणे

बियाणं कार्यालयातली उगवण तपासायची पेटी बंद पडली, आणि ती दुरुस्त होईपर्यंत प्रत्येक शेतकऱ्यानं जवाच्या बियाण्याची चाचणी आपापल्या घरातल्या 'सर्वांत उबदार व सर्वांत स्थिर जागी' करावी असं परिपत्रक निघालं. सुनेनं तापमापक घेऊन अख्खं घर पालथं घातलं. चुलीमागचा कोपरा चांगला होता, पण आग विझली की गार पडायचा. माळाही उबदार होता, पण तिथं उंदरांचं राज्य. शेवटी तिनं जेवून आडवे झालेल्या सासऱ्यांच्या सदऱ्यावर, बरोबर पोटाच्या मधोमध, तापमापक ठेवून दिला. तासाभरानं पाहिलं, दोन तासांनी पाहिलं. पारा जागचा हलला नव्हता आणि सासरेही हलले नव्हते.

"सापडली जागा," तिनं नवऱ्याला सांगितलं.

नवऱ्याला यात काही वावगं वाटलं नाही. आपले वडील कशाच्या तरी उपयोगाचे आहेत हे ऐकून त्याला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयाचा तपासनीस आला. त्यानं सासऱ्यांना पलंगावर बसवून चहूबाजूंनी न्याहाळलं, दोन ठिकाणी टिचकी मारून पाहिली, आणि सदऱ्याच्या खिशावर एक चिठ्ठी डकवली: उगवण कक्ष क्रमांक सात.

"कक्षाची क्षमता?" त्यानं विचारलं.

"दोन पुरचुंड्या," सून म्हणाली. "एक पोटावर, एक पाठीवर."

"आवाज करतो?"

"झोपल्यावर करतात."

"मी इथंच आहे म्हटलं," सासरे म्हणाले. तपासनिसानं 'आवाज: सौम्य' असं लिहून घेतलं.

आता दोन पुरचुंड्या का, तर घरात जवाची पोती दोन होती आणि पेरायचं एकच होतं. एक पोतं नवऱ्यानं बियाण्याच्या दुकानातून आणलेलं, वर पिवळीधमक ओंबी छापलेली. दुसरं सासूबाईंचं. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. जायच्या आधीच्या हंगामात त्यांनी खिडकीपाशी बसून ते बियाणं निवडलं होतं. आधी सगळे जव मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारे पोचट दाणे काढायचे, उरलेले धुऊन वाळवायचे, मग परातीत घेऊन टपोरे, एका रंगाचे, न चिरलेले तेवढे ठेवायचे. हे सगळं त्यांनी सुनेला शिकवलं होतं, पण हे पोतं मात्र त्यांनी एकटीनं निवडलं होतं. सासऱ्यांना तेच पेरायला हवं होतं. नवऱ्याचं म्हणणं, दोन वर्षांचं जुनं बी पेरून वर्ष कोण वाया घालवणार? सुनेला सासूबाईंची माया होती, पण तिला शेतही दिसत होतं. तिनं ठरवलं, चाचणी सांगेल ते पेरायचं.

चाचणीचा नियम कडक होता. शंभरातले पंचाऐंशी उगवले तर पास. त्याच्या खाली गेलं की ते पोतं तपासनिसासमोर तिथल्या तिथं भरडून टाकायचं, म्हणजे कुणी गुपचूप पेरायला नको. त्यासाठी तपासनीस भरडायचं यंत्र हातगाडीवर घालून बरोबरच आणायचा.

त्यानं स्वतः शंभर-शंभर दाणे मोजून दोन ओल्या फडक्यांत घातले. सासूबाईंचे पोटावर बांधले आणि विकतचे पाठीवर. "सात दिवस कक्ष हलवू नये," त्यानं बजावलं. "रागावू देऊ नये, तापमान वाढतं."

सात दिवस ते घर वेगळ्याच शिस्तीत चाललं. सासरे एका कुशीवर पडून जेवायचे, कुशीवर पडूनच दाढी करून घ्यायचे. नवरा वडिलांशी इतक्या गोड आवाजात बोलायला लागला की सासरे त्याच गोष्टीवर रागवायच्या बेताला यायचे, आणि मग सून धावत जाऊन त्यांच्या कपाळावर ओलं फडकं ठेवायची. शेजारचा शिंपी उसना तापमापक मागायला आला, तर सासऱ्यांनी त्याला खिशावरची चिठ्ठी दाखवून बाहेरूनच परत पाठवलं. एकूण कक्ष होणं त्यांना मानवलं होतं. सकाळी सून पुरचुंड्या सोडून त्यांवर पाणी शिंपडायची आणि पुन्हा बांधायची. तेवढा वेळ ते छताकडे बघत पडायचे, इतके निमूट की सुनेला त्यांची दया यायची.

सातव्या दिवशी तपासनीस आला. नवऱ्यानं दोन्ही पोती अंगणात भरडायच्या यंत्राशेजारी आणून ठेवली. सुनेनं पुरचुंड्या सोडून टेबलावर मांडल्या. तपासनिसानं एक उघडली आणि चिमट्यानं कोंब फुटलेले दाणे एकेक करून बाजूला काढायला लागला. सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटत होतं आणि ते दाबायची त्यांची धडपड चालली होती.

"एकशे तीन," तपासनीस म्हणाला.

"शंभरात?" नवऱ्यानं विचारलं.

"शंभरात. कमाल मर्यादा नियमात दिलेली नाही," असं म्हणून त्यानं शांतपणे आकडा लिहिला. "हे कुठलं?"

सुनेनं फडक्याच्या कोपऱ्याला मारलेली बारीक गाठ दाखवली. "गाठीचं म्हणजे विकतचं."

सासऱ्यांनी खाडकन डोळे उघडले. "विकतचं कसं? ते पोटावरचं आहे."

"चौथ्या दिवशी मी अदलाबदल केली ना, बाबा. पोटाकडची ऊब एकालाच मिळायला नको म्हणून. तसं परिपत्रकातच लिहिलंय."

सासऱ्यांचा चेहरा एकदम पडला. तपासनिसानं दुसरी पुरचुंडी उघडली, मोजली, आणि सासूबाईंच्या नावापुढे एकसष्ट लिहिलं. "नापास," तो म्हणाला. "यंत्र सुरू करा."

नवरा जागचा हलला नाही. जिंकला होता तो, पण आईच्या पोत्याला हात लावायचं त्याच्या जिवावर आलं होतं. काहीतरी करायचं म्हणून सून टेबल आवरायला गेली आणि न फुटलेले दाणे गोळा करू लागली. सासूबाईंच्या फडक्यात न फुटलेले दाणे तीन होते, फक्त तीन. एकसष्ट आणि तीन चौसष्ट. मग बाकीचे कुठं गेले? तिनं विकतच्या फडक्यातले मोजले. तेहतीस. एकशे तीन आणि तेहतीस एकशे छत्तीस. तिनं वर पाहिलं. सासरे तिची नजर चुकवत होते.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "छत्तीस दाणे चालत जात नाहीत."

सासरे उठून बसले. सात दिवसांत पहिल्यांदाच. "रोज बारा," ते म्हणाले. "चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या दिवशी. तू स्वयंपाकघरात गेलीस की मागच्यातले कोंब आलेले काढून पुढच्यात घालायचो. मला वाटलं, पुढचं तिचंच आहे."

"म्हणजे तुम्ही आईंचेच उगवलेले दाणे काढून दुकानदाराला दिलेत."

"तसंच झालं म्हणायचं."

तिनं मनात हिशेब मांडला. सासूबाईंचे सत्त्याण्णव आणि विकतचे सदुसष्ट. तिला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. दोन वर्षं पोत्यात पडून राहिलेल्या त्या बियाण्यानं सत्त्याण्णव दाणे उगवून दाखवले होते, कुणाच्याही मदतीशिवाय.

"साहेब," ती तपासनिसाला म्हणाली, "हे ऐकलंत ना तुम्ही. आता आकडे बदला."

"ऐकलं कुठं? कक्ष बोलला," तपासनीस म्हणाला. "कक्षाचा जबाब घेता येत नाही. पेटीचा कधी घेतलाय का आम्ही?"

"मग त्यांची चिठ्ठी काढा. माणूस म्हणून घ्या जबाब."

"चिठ्ठी काढली की हा कक्ष राहत नाही. कक्ष नाही तर चाचणी कुठं झाली, आणि चाचणीच झाली नाही तर जबाब कशाचा?" तो खरोखर विचारात पडला होता. माणूस वाईट नव्हता, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायची त्याला सवय नव्हती. "एक होऊ शकतं. वापरणाऱ्यानं लेखी द्यायचं की कक्ष नादुरुस्त आहे. मग दोन्ही निकाल रद्द. न तपासलेलं बियाणं भरडायचा हुकूम नाही, ते ज्यानं त्यानं आपल्या जबाबदारीवर पेरावं."

त्यानं एक कागद सुनेपुढे सरकवला. तिनं पेन हातात घेतलं, पण वडीलधाऱ्या माणसाला त्याच्याच तोंडावर नादुरुस्त कसं लिहायचं, ते तिला कळेना.

"लिही गं," सासरे म्हणाले. "खोटं नाही ते."

तिनं लिहिलं.

"दोषाचं स्वरूप?" तपासनिसानं पुढचा रकाना दाखवला.

लबाडी हा शब्द तिच्या बोटांपर्यंत आला आणि तिथंच अडला. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. ते अंगणातल्या पोत्याकडे बघत होते.

"लिही, बायकोवर भरवसा नाही."

"कधीपासून?" तपासनीस म्हणाला. तसा रकाना होताच.

"एक्केचाळीस वर्षं." सासरे आता तपासनिसाशी बोलत नव्हते. "ती बी निवडून उठली की मी तिच्या परातीपाशी जाऊन बसायचो. पुन्हा सगळं चाळून बघायचो. एकदाही वाईट दाणा सापडला नाही. तिला ठाऊक होतं. कधी बोलली नाही, परात तेवढी माझ्यासाठी मांडून ठेवायची. या वेळी तर ती नव्हतीच, तरी मी हात घातला. तिचं चांगलं होतं, ते मीच पाडलं."

नवऱ्यानं अंगणात जाऊन यंत्र बाजूला ढकललं. तपासनिसानं घसा साफ केला.

"शेवटचा रकाना. दुरुस्ती होण्यासारखी आहे का?"

सासऱ्यांनी खिशावरची चिठ्ठी सोलून टेबलावर ठेवली आणि ते अंगणात गेले. सासूबाईंच्या पोत्यात त्यांचा हात सवयीनं गेला, मूठ भरून डोळ्यांपर्यंत आली. तिथं ती थांबली. मग त्यांनी मूठ न उघडता तशीच पोत्यात परत नेली, रिकामा हात बाहेर काढला आणि पोत्याचं तोंड बांधून टाकलं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "आज पहिलाच दिवस आहे."