पांघरुणातला संगणक

मित्रांनो, मी एक संगणक आहे. जुना झालो, पण काम करून झिजलो नाही. नुसता झाकून ठेवल्यानं जुना झालो, आणि याचाच मला राग येतो.

अमरावतीच्या एका दुकानात माझे भाग जुळवले गेले. दुकानदारानं माझ्यात हिशेबाचं सॉफ्टवेअर घातलं आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा, पोराईले कामाले लाव." मी फुशारलो. अकोला जिल्ह्यातल्या एका लहानशा कॉलेजच्या वाणिज्य विभागात मला आणलं. नारळ फुटला, कपाळाला कुंकू लागलं आणि अंगावर गुलाबी पांघरूण आलं.

खोलीची किल्ली खुशालराव सरांकडे. माणूस तसा वाईट नव्हता. पण "हात लावला का बिघडते" हा त्यांचा मंत्र. तपासणीला समिती आली की मी दोन तास चालू. समिती पोहे खाऊन गेली की पुन्हा अंधार. आणि मुलं काय करायची? पट्टी-पेन्सिल घेऊन जर्नलमध्ये माझ्या पडद्याचं चित्र काढायची! चौकटी आखायच्या, बटणांची नावं लिहायची, खाली सरांची सही. झालं प्रॅक्टिकल! विहिरीचं चित्र काढून कुणी पोहायला शिकलंय का?

माधवीचं चित्र सगळ्यांत सुबक. खुशालराव ते समितीला कौतुकानं दाखवत. बी.कॉम. झाल्यावर तिला अकोल्याच्या एका डाळमिलच्या ऑफिसातून बोलावणं आलं. नोकरी लागली तर ती पुढं शिकणार होती. नाहीतर घरात लग्नाची घाई होती.

मुलाखतीच्या दुसऱ्याच दिवशी ती खोलीत आली, डोळे लाल.

"लागली का नोकरी?" खुशालरावांनी विचारलं.

"मालकानं एक बिल देल्लं अन् म्हणे, चढव. मी बटनच शोधत बसली, सर. बाजूची पोरगी हसली."

"अवं, तुले तं सारं पाठ होतं!"

"पाठ हाये ना! कागद देल्ला असता तं चित्र काढून देल्लं असतं त्याले!" माधवी ओरडली. "आमाले हात काहून लावू देल्ला नाही?"

"सांभाळून ठेवलं म्हनून तं अजून नवं हाये."

"कोनासाठी?"

खुशालराव माझ्या पांघरुणाची सुरकुती सरळ करू लागले.

"सोमवारी आखरी बार ये म्हणे मालक. चार दिवस हायेत." तिनं पांघरूण ओढून फेकलं आणि मला चालू केलं. मी जीव तोडून सुरू झालो. बिचारी शोधत राहिली, एकेक यादी उघडत राहिली. मग तिचे हात थांबले.

"सर, याच्यात जीएसटीच नाही."

खरंच नव्हता. बाहेर कराची रीत बदलून किती वर्षं झाली, मला कुणी सांगितलंच नाही! सोमवार गेला. नोकरी दुसरीला मिळाली, हे खुशालरावांच्या फोनवरच्या बोलण्यातून मला कळलं. बोलणं संपवून त्यांनी माझ्यावर पांघरूण घातलं, चारही कोपरे नीट ओढून.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. तुमच्या कॉलेजात असा कुणी झाकलेला दिसला तर किल्ली मागा, भांडा, बटणं झिजेपर्यंत त्याला वापरा. तो बिघडला तर दुरुस्त होईल. माधवीची तीन वर्षं मात्र कुठल्याच दुकानात दुरुस्त होत नाहीत.