दुपारचा थांबा

"हलू नका हो बाबा, कापेल."

"मी कुठं हलतोय? तुझंच लक्ष आज ठिकाणावर नाही."

तिने रेझर मगात बुडवून ठेवला. युनिफॉर्मवर फेस उडू नये म्हणून तिने गळ्यात टॉवेल बांधला होता, वडिलांच्या गळ्यात दुसरा. खिडकीपाशी अर्ध्या गालाला साबण लावून बसलेला म्हातारा आणि त्याच्यासमोर अंबाडा घालून, लिपस्टिक लावून उभी असलेली, पन्नाशीकडे झुकलेली हवाई सुंदरी. शेजारच्या काकू या प्रकाराला 'विमान कंपनीचं सलून' म्हणत.

हे सलून आठवड्यातून दोनदा चाले. तिचं छोटं पंख्यांचं विमान सकाळी उशिरा या गावात उतरे आणि दुपारभर तिथेच उभं राही. धावपट्टी आखूड. भर उन्हात, भरलेलं विमान घेऊन तिच्यावरून उठणं त्या इंजिनांना झेपत नसे. ऊन कलेपर्यंत थांबणं भाग होतं. बाकीची मंडळी विमानतळावरच्या खोलीत पाय पसरून झोपत. ती रिक्षा करून माहेरी येई. आई गेल्यावर वडील एकटेच होते, आणि त्यांना अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात लुळा पडला तेव्हापासून तिने हा मार्ग मागून घेतला होता. ज्या हाताने त्यांनी अर्ध्या गावाच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या, तो आता मांडीवर कोणीतरी विसरून गेल्यासारखा पडून असे. ती त्यांची दाढी करी, नखं कापी, गोळ्या डबीत भरून ठेवी. मग दोघं जेवत आणि उरलेला वेळ निवांत भांडत.

"काय झालंय?" वडिलांनी विचारलं.

"धावपट्टी लांबवलीय ना, पुढच्या महिन्यापासून या मार्गावर मोठं विमान येतंय. जेट."

"वा! म्हणजे बढतीच की."

"त्याला ऊन बाधत नाही, बाबा. आलं की अर्ध्या तासात निघालं. दुपारचा थांबाच काढून टाकलाय."

वडिलांनी डाव्या हाताने गळ्यातला टॉवेल सारखा केला. गालावरचा फेस वाळत चालला होता.

"गावाचं भलं झालं," ते म्हणाले. "लोक कधीचे मागतायत."

"गावाचं राहू द्या. तुम्ही माझ्याकडे चला."

"पाचव्या मजल्यावर? आणि तू घरात असतेस कधी? तिथं भिंतींशी बोलत बसू? त्यापेक्षा इथल्या बऱ्या. माझ्या ओळखीच्या तरी आहेत."

तिच्याकडे दुसरा एक बेत होता, तो तिने बाहेर काढला. इथल्या विमानतळावर काउंटरची एक जागा रिकामी होती. पगार कमी, पण रोज संध्याकाळी घरी. साहेबांच्या कानावर तिने घातलंही होतं.

"कोणाला विचारून?" वडिलांचा आवाज चढला.

"विचारायचं काय त्यात?"

"हे बघ पोरी. माझा हात गेला, त्याला इलाज नव्हता. तुझे पाय धड आहेत, ते माझ्यापायी कशाला बांधून घेतेस? तू काउंटरवर बसून वर बघत राहणार, मी तुझं तोंड बघत राहणार. दोघंही कामातून जाऊ." मग म्हणाले, "आधी हा गाल पुरा कर. असाच सोडून गेलीस तर शेजारीण महिनाभर हसेल."

तिला रागही आला आणि हसूही. दाढी पुरी झाली, जेवणं झाली, पण त्या दिवशी भांडण काही रंगलं नाही. ती बूट चढवत असताना ते दारात येऊन उभे राहिले. "साहेबांना नाही म्हणून सांग," एवढंच म्हणाले.

तिने तसं सांगितलं. काकूंच्या ओळखीने वडिलांचं सगळं करायला एक माणूस ठरवला. मग ती नव्या विमानाच्या प्रशिक्षणाला गेली आणि आपल्या निम्म्या वयाच्या मुलींबरोबर बाकावर बसून पुन्हा पहिल्यापासून शिकली.

जेट पहिल्यांदा त्या धावपट्टीवर टेकलं तेव्हा प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. मागचं दार उघडताच ओळखीची झळ तिच्या तोंडावर आली. हो, मागचं दार. या विमानावर ती नवखी, त्यामुळे पुढे एक तरुण मुलगी उभी होती आणि तिला मागे पाठवलं होतं. तिने फोन सुरू केला, तोच तो वाजला.

"आलीस?"

"आले. तुम्ही जेवलात का?"

"मी इथंच आहे, विमानतळाच्या बाहेर. रिक्षाने आलो. म्हटलं, अर्धा तास म्हणजे पुष्कळ झाला. ये की दोन मिनिटं."

तिने खाली पाहिलं. इंधनाची गाडी पंखाखाली लागली होती. पुढच्या गावी जाणारे प्रवासी आतच बसून होते.

"बाबा, नाही येता येणार. आत लोक बसलेत आणि इंधन भरतायत. तोवर दार सोडायचं नसतं."

"नुसतं फाटकापर्यंतसुद्धा?"

"नाही हो."

"बरं. मग नाही सोडायचं. मी जातो तर."

"थांबा! इमारतीच्या डाव्या अंगाला तारेची जाळी आहे, तिथं या. विमान दिसतं. मी दारातच आहे."

बराच वेळ फोनवर फक्त त्यांच्या चपलांचा आवाज येत राहिला. मग जाळीपलीकडे ते दिसले. इस्त्रीचा शर्ट, फोन कानाला, उन्हाने बारीक केलेले डोळे. तिने हात वर केला.

"दिसलीस गं, दिसलीस!" ते ओरडलेच. "पुढच्या दारात ना? पुढेच असणार तू. सगळ्यांत जुनी!"

तिने दारातून बाहेर वाकून पुढे पाहिलं. पुढच्या दारात ती तरुण मुलगी उभी होती. तोच युनिफॉर्म, तसाच अंबाडा.

"हो," ती म्हणाली. "पुढेच."

"बारीक झालीस जरा. पण उभी कशी ताठ राहतेस! बरं वाटलं बघ. फोन ठेवतो आता. एकच हात आहे, तो हलवायला लागेल."

त्यांनी फोन खिशात घातला आणि डावा हात उंच करून हलवायला सुरुवात केली. पुढच्या दारातल्या मुलीने ते पाहिलं. कोण, कुठला म्हातारा, पण ती हसली, आणि तिनेही छान, मोठा हात हलवला.

मागच्या दारात तिने आपला हात खाली घेतला. इंधनाची गाडी निघून गेली होती आणि शिडीवरून पहिला प्रवासी वर येत होता.

"नमस्कार," ती म्हणाली. "या."